गिअर ऑइलमध्ये पाणी? पहिली धार फेकू नका

आतेभावाने ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर बोटींचा ठेका घेतला आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या अंगणात आउटबोर्ड मोटारी (बोटीच्या मागे बाहेरून बसवतात ती इंजिनं) येऊन पडू लागल्या. बहुतेकींची तक्रार एकच: "दादा, तेल दुधासारखं निघालं." तेल कुठे आहे म्हणून विचारलं, तर ते ओतून, नवं भरूनही झालेलं असतं. म्हणजे पुरावा गेला.

दुधाळ रंगावरून पाणी शिरलं एवढंच समजतं. कुठून शिरलं, किती शिरलं, हे जुनं तेल बाहेर कसं येतं त्यावरून थोडंफार उलगडतं. त्यात नेहमी होणाऱ्या चुका खाली एकेक करून सांगतो.

मोटार थांबताच तेल काढणं

चालून आलेल्या मोटारीत गिअरने सगळं घुसळलेलं असतं. नुसती हवा मिसळून फेस आला तरी तेल पांढुरकं दिसतं, आणि लोक घाबरून सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारी रबरी कडी) बदलायला धावतात. मोटार एक रात्र उभी, पंखा खाली, अशी ठेवा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं. गिअरकेसला, म्हणजे पंख्याजवळच्या गिअरच्या डब्याला, तेलाचे दोन बोल्ट असतात. सकाळी खाली पारदर्शक बाटली धरा आणि वरचा बोल्ट तसाच घट्ट ठेवून खालचा फक्त किंचित सैल करा. पहिले थेंब नितळ पाण्याचे आले, तर घुसळलं न गेलेलं पाणी तळाशी साचलंय. बहुधा मोटार थांबल्यावर ते आत आलं. सुरुवातीपासून चहासारखं गढूळ आलं, तर पाणी गिअरमध्ये फिरून तेलात मुरलंय. बाटली दिवसभर ठेवून बघा. फेस असेल तर विरतो, मुरलेलं पाणी सहजी वेगळं होत नाही.

तरी शंका उरली तर जुन्या तव्याचा उपयोग करा. उघड्या जागेत, डोळ्यांवर चष्मा लावून, तापलेल्या तव्यावर एकच थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं. हा तवा मात्र पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, आमच्याकडे यावरून एकदा महाभारत झालं आहे.

काही कंपन्यांचं बोटीचं गिअर ऑइल मुळातच निळं किंवा हिरवं असतं. म्हणून नव्या तेलाची छोटी बाटली शेजारी हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार?

"पंख्याचा सील गेला" असं गृहीत धरणं

ही सगळ्यात महागडी चूक, आणि ती मी स्वतः केली आहे. एका मोटारीचे पंख्याच्या शाफ्टचे सील दोनदा बदलले, दोन्ही वेळा पंधरा दिवसांत तेल पुन्हा पांढरं. पाणी येत होतं गिअर बदलायच्या दांड्याच्या सीलमधून. तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं, मीही नाही.

सुरुवात स्वस्तातल्या जागेपासून करा. दोन्ही बोल्टांचे वायसर दर वेळी नवे हवेत. चपटे झालेले वायसर, किंवा त्यांच्या जागी एम-सील आणि दोरा, असं मी नेहमी बघतो. (जुन्या जॉन्सन मोटारींपैकी काहींत खालच्या बोल्टाजवळ स्टार पेचकसाचा एक स्क्रू असतो. तो तेलाचा नव्हे! तो काढला तर आतली गिअरची जोडणी सुटते.) मग पंखा काढून शाफ्ट बघा. तिघऱ्यात मासेमारीची जाळी असतात. त्यांचा नायलॉनचा धागा शाफ्टवर गुंडाळला गेला की सीलची कड कातरतो. मे महिन्यात पाणी उतरलं की पंखा खडकावर आपटतो, शाफ्ट वाकतो, आणि वाकड्या शाफ्टवर नवा सीलही टिकत नाही.

"बाहेर तेल गळत नाही, म्हणजे सील ठीक" हेही खरं नाही. चालताना गिअरकेस तापते, आतली हवा फुगते. मोटार थंड पाण्यात थांबली की तीच हवा आकसते आणि कमजोर सीलमधून पाणी आत ओढून घेते. तेल बाहेर न येताही पाणी आत येऊ शकतं, ते असं.

म्हणून सील मागवण्याआधी दाबाची चाचणी करा. तेल काढून एका भोकात नळी बसवा आणि गेज असलेल्या हातपंपाने हवा भरा. साधारण 10 ते 15 पीएसआय पुरे. नेमका आकडा तुमच्या मोटारीच्या पुस्तिकेतला पाळा. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर लावाल, तर चांगले सीलही बाहेर येतील. दाब असतानाच शाफ्ट हाताने फिरवा, गिअर पुढे-मागे करा, कारण काही सील एका जागी उभे असताना शहाण्यासारखे वागतात. साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहा. इंजिनातून खाली येणाऱ्या उभ्या शाफ्टचा सील पाण्याच्या पंपाखाली दडलेला असतो, तिथे नजर सहज जात नाही. शक्य असेल तर उलट, हवा खेचून घेण्याचीही चाचणी करा. आतून दाब धरणारा सील बाहेरून पाणी सोडू शकतो.

तिघऱ्याचा बांध 1917 मध्ये फुटला तो पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरून. गिअरकेस उघडताना मला हे का आठवतं कुणास ठाऊक.

भरताना वरून ओतणं

वरून ओतलं की आत हवा अडकते आणि तेल कमी पडतं. खालच्या भोकातून दाबत भरा. वरून बुडबुडे थांबून तेल यायला लागलं की आधी वरचा बोल्ट लावा, मग खालचा. आमच्याकडे दुकानात "नब्बे नंबर" (90 ग्रेडचं गिअर ऑइल) मागितलं की हाताला येईल ते तेल मिळतं. पुस्तिकेत लिहिलेली जातच घ्या. सील बसवण्याआधी जुन्याचा फोटो काढा, कड कुठल्या बाजूला आहे ते विसरायला होतं.

खालच्या बोल्टाला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी पेस्ट चालते. चकचकीत तुकडे असतील, तर गिअरकेस उघडल्याशिवाय सुटका नाही.

हे सगळं झाल्यावर मोटार तासभर चालवा, एक रात्र उभी ठेवा आणि सकाळी पुन्हा तीच बाटली खाली धरा.