जुन्या वॉलपेपरवर रंग द्यावा की तो उतरवावा?

वॉलपेपरवर दिलेला रंग किती दिवस टिकेल, हे रंगाच्या डब्यावर ठरत नाही. ते ठरतं कागदामागच्या खळीवर. पाण्यात मिसळणारा रंग कागदाला लागला की पाणी आत मुरतं, खळ मऊ होते आणि कागद ताणला जातो. खळीने सगळीकडे सारखं धरलेलं असेल तर सुकताना तो पुन्हा बसतो. जिथे धरलेलं नसेल तिथे फुगा राहतो, सांध्याची कड उचलली जाते आणि दोन हात मारूनही ती दिसत राहते.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. एकदा रंग चढला की खळीपर्यंत पाणी पोहोचणं अवघड होतं. पुढे कधी कागद काढायची वेळ आली तर तो नखाएवढ्या तुकड्यांनी निघतो. म्हणून आमचा कल स्पष्ट आहे: निघत असेल तर काढाच. रंग द्यायचा तो काढण्याने भिंतीचं जास्त नुकसान होणार असेल तेव्हा.

हे ओळखायला अर्धा तास पुरतो. कपाटामागची किंवा दारामागची जागा निवडा. खालच्या कोपऱ्यात पुट्टी लावायच्या पट्टीच्या टोकाने कड सोडवा आणि कागद भिंतीला जवळजवळ समांतर धरून सावकाश वर ओढा. भिंतीपासून लांब, सरळ आपल्याकडे ओढला तर फाटतो. अखंड पट्टा कोरडाच सुटून आला तर प्रश्नच मिटला, सगळा तसाच काढा. वरचा चकचकीत प्लास्टिकचा थर आला आणि मागे मऊ पांढरा कागद राहिला, तरी काम सोपं आहे, कारण तो उघडा कागद पाणी भराभर पितो. पण कागदाबरोबर तपकिरी, लवदार थर सुटायला लागला तर हात थांबवा. मागे जिप्सम बोर्ड (दोन्ही बाजूंना कागद असलेला जिप्समचा तक्ता) आहे आणि प्रायमर न मारताच त्यावर वॉलपेपर चिकटवलेला आहे. तुम्ही ओढताय तो बोर्डाचाच कागद आहे.

मग तळहाताने भिंतीवर ठिकठिकाणी थापा मारा. मागे सुटलेल्या जागी कागदाचा कोरडा, पोकळ आवाज येतो. रात्री दिवे बंद करून बॅटरी भिंतीला टेकवून तिरकी धरा. सांधे, फुगे, आधीच्या थराच्या कडा सगळं सावलीसकट दिसतं. रंग दिल्यावरही हेच दिसणार आहे.

भिंतीला ओल असेल, काळी-हिरवी बुरशी असेल, एकावर एक दोन-तीन थर असतील किंवा नक्षी उठावाची असेल, तर वॉलपेपर काढायचाच. ओलीचं कारण आधी शोधून दुरुस्त करा, नाहीतर नवा रंगही पोपडे धरेल. मऊ व्हिनाइलही ठेवू नका. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू वर येतो आणि रंग महिनोन्‌महिने चिकट राहू शकतो. मागचा कागद सोलून लावायच्या स्टिकरसारख्या वॉलपेपरवरही रंग देऊ नका. हेअर ड्रायरने कोमट करत तो उतरवा, पाण्याचा इथे उपयोग नाही.

काढायचं ठरलं की त्या खोलीचा वीजपुरवठा मेन स्विचवरून बंद करा, स्विचबोर्डांवर प्लास्टिक चिकटवा आणि जमिनीवर जुन्या चादरी पसरा. १ लिटर गरम पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा १ चमचा मिसळा. वरचा थर प्लास्टिकचा असेल आणि सोलून निघत नसेल तर १०० नंबरच्या पॉलिश पेपरने तो हलका खरवडा, म्हणजे पाणी आत शिरेल. ब्लेडने चिरा पाडू नका. खाली प्लास्टरवर ओरखडे उमटतात. एका वेळी साधारण ३ फूट रुंदीचाच भाग घ्या. वरून खाली फवारा, १० ते १५ मिनिटं थांबा, पुन्हा एकदा फवारा आणि मगच पट्टी लावा. इथे घाई नडते. कागद जोर न लावता घडी पडत उतरत नसेल तर तो अजून भिजलेला नाही. पट्टीचे कोपरे कानशीने गोल करून घ्या, ते प्लास्टरमध्ये रुततात. मागे जिप्सम बोर्ड असेल तर पाणी बेताचंच वापरा.

कागद निघाला म्हणजे काम संपलं असं नाही. ओली बोटं भिंतीवर फिरवा. बुळबुळीत लागलं तर खळ शिल्लक आहे. गरम पाण्याने स्पंजने पुसा आणि पाणी गढूळ झालं की बदला. खळ पिठाची असेल तर जखमेवरच्या आयोडिनचा पाण्यातला थेंब निळा-जांभळा होतो. ही खळ राहिली तर वरचा रंग बारीक भेगा पडून सुटतो, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो. भिंत किमान १ दिवस सुकू द्या. मग पुट्टी, १८० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर आणि रंग.

तपकिरी लव उघडी पडलेल्या जागी थेट पुट्टी लावू नका. पुट्टीतल्या पाण्याने ती फुगते. सुटे धागे धारदार ब्लेडने कापा, तेवढ्या जागेवर ऑइल प्रायमर मारा आणि तो पूर्ण सुकल्यावरच पुट्टी भरा.

रंगच द्यायचा असेल तर कागद एकच थराचा आणि घट्ट बसलेला हवा. सुटलेल्या कडांमागे वॉलपेपरचा गोंद भरून दाबा, बाहेर आलेला लगेच पुसा. फुग्याला ब्लेडने फुलीसारखा छेद द्या, आत गोंद सोडून बसवा. बसत नसेल तर तेवढा तुकडा कापून काढा. आता पहिला हात ऑइल प्रायमरचा किंवा लाखेवर आधारलेल्या प्रायमरचा. पाण्याचा प्रायमर इथे चालत नाही. तो खळ भिजवतो आणि कागदावरची लाल किंवा सोनेरी शाई त्यातून वर फुटू शकते. खिडक्या उघड्या ठेवा, आसपास ज्योत नको.

प्रायमर सुकला की सांध्यांवर आणि छेदांवर पुट्टी ओढा, दोन्ही बाजूंना ४ ते ५ इंच पातळ होत जाईल अशी. हे प्रायमरनंतरच करायचं, म्हणजे पुट्टीचं पाणी कागदात जात नाही. २२० नंबरने घासा, धूळ पुसा, पुट्टीच्या जागी पुन्हा प्रायमर द्या. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली असेल तर दारं-खिडक्या वजा जाता साधारण ४०० चौरस फूट भिंत होते. एका हाताला ४ ते ५ लिटर प्रायमर धरा.

सगळी भिंत रंगवायच्या आधी एखाद्या सांध्यावर २ फूट बाय २ फूट जागेत प्रायमरपासून रंगापर्यंत सगळे थर देऊन पाहा आणि २ दिवस थांबा. मग त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. रंगाबरोबर कागद सुटून आला किंवा सांधा वर उठला, तर बाकीच्या भिंतींना ब्रश लावू नका. बादलीत गरम पाणी घ्या.