म्हशीचं दूध की सोयाबीनचं? आधी पेला कुणाचा ते बघा

माझे वडील रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचे. गिऱ्हाईक समोर उभं राहायचं आणि धार थेट त्याच्या पेल्यात पडायची. फेसासकट ते कोमट दूध लोक उभ्या-उभ्या संपवायचे. त्या घरात वाढलेली मी आज सोयाबीनच्या दुधावर लिहितेय, पण म्हशीच्या दुधावर रुसून नाही. मंगळवार पेठेत माझी खानावळ आहे. तिथं जेवायला येणारी कॉलेजची पोरं, तालमीतले गडी, पेन्शनर काका, सगळे हल्ली एकच विचारतात, "मावशी, दूध सोडून सोयाचं सुरू करू का?"

मी उलट विचारते, कशासाठी सोडतोयस? पोट बिघडतंय, कोलेस्टेरॉल वाढलंय, वजन उतरवायचंय की कुणीतरी सांगितलं म्हणून? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

आधी आकडे समोर ठेवा. अडीचशे मिलीच्या पेल्यात म्हशीचं दूध घेतलं तर साधारण २७० कॅलरी, १६ ग्रॅम फॅट, ९ ग्रॅम प्रोटीन आणि ३०० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळतं. गाईच्या दुधात कॅलरी १८० च्या आसपास, फॅट ११ ग्रॅम, प्रोटीन ८ ग्रॅम. कॅल्शियम जवळपास तेवढंच. बिनसाखरेच्या सोया दुधात कॅलरी शंभराच्या आसपास, फॅट ४-५ ग्रॅम आणि प्रोटीन ७-८ ग्रॅम. म्हणजे प्रोटीनमध्ये ते गाईच्या दुधाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहतं. कॅल्शियमला मात्र मागं पडतं. घरी काढलेल्या सोया दुधाच्या पेल्यात ते साठ मिलीग्रॅमच्या आसपासच असतं, आणि बी-१२ जीवनसत्त्व तर नसतंच.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. सोयाचं दूध प्रोटीनची जागा घेतं, कॅल्शियम आणि बी-१२ ची घेत नाही. दूध पूर्ण बंद करणाऱ्यानं या दोन गोष्टी दुसरीकडून आणायच्याच. मोठ्या माणसाला दिवसाला हजार मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीची भाकरी, तीळ, राजगिऱ्याची भाजी रोजच्या ताटात असेल तर बराच भार हलका होतो. बी-१२ चं तसं नाही. अंडी-मासे न खाणाऱ्या माणसानं दूध-दहीही सोडलं तर तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्यायची, त्यात चालढकल नको. मुंग्या येणं, थकवा हे हळूहळू सुरू होतं आणि आपण वयावर ढकलून देतो.

पोट बिघडतं म्हणून सोडणाऱ्यांना मी दोन आठवडे थांबवते. गारगोटीकडचा एक विद्यार्थी होता. सकाळी दूध प्यायला की लेक्चरमध्ये बसवत नसे, पोट फुगायचं. त्याला पंधरा दिवस दूध, बासुंदी, पेढे बंद केले. मग आधी दही-ताक दिलं, ते पचलं. नंतर अर्धा कप दूध दिलं, तेही जेवणासोबत पचलं. मोठा पेला दिला तेव्हाच त्रास झाला. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, त्याला थोडंच पचत होतं. दह्यात विरजणामुळं ते कमी होतं. अशा माणसाला सगळं दूधदुभतं तोडायची गरज नसते. सकाळचा पेला तेवढा सोयाचा करायचा. पण दूध प्यायल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा धाप लागत असेल तर ती ॲलर्जी असू शकते. तिथं असले प्रयोग करायचे नाहीत, दवाखाना गाठायचा.

आमच्या ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हा मी एकदम सोयाकडं पळाले नाही. घरात फुल क्रीमची पिशवी येत होती, म्हणजे सहा टक्के फॅट. ती बदलून तीन टक्क्यांचं टोन्ड दूध सुरू केलं आणि साय-लोणी आवरलं. रात्रीचा पेला सोयाचा केला. सोयाच्या प्रोटीननं वाईट कोलेस्टेरॉल थोडंसं उतरतं, पण त्याच्या जिवावर गोळी बंद करू नका.

तालमीतल्या पोरांना एकच भीती, सोयानं पुरुषपण कमी होतं. सोयाबीनमधले आयसोफ्लेव्होन्स स्त्रीच्या संप्रेरकासारखे थोडेफार दिसतात, तिथून ही भीती आली. रोज एक-दोन पेल्यांनी टेस्टोस्टेरॉन घटत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. तरी जोर-बैठका मारणाऱ्या पोराला दूध पचत असेल तर मी त्याचं दूध सोडवत नाही. त्याला त्या कॅलरी हव्याच असतात. ते फक्त उकळून प्यायचं, एवढा माझा आग्रह. धारोष्ण दुधावर मी वाढले, त्याची चव अजून जिभेवर आहे. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) आणि क्षय येऊ शकतो, म्हणून गरोदर बाईला आणि लहान मुलाला मी ते कधीच देणार नाही.

वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाच्या जागी यातलं काहीच नाही. आणि थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनो, ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या, सोयाचा पेला तीन-चार तासांनी. माझ्या जाऊबाई गोळीमागोमाग सोया प्यायच्या. रिपोर्ट जाग्यावर येईना तेव्हा डॉक्टरांनी वेळ बदलून दिली.

विकतचं घेताना पाकीट उलटं करून वाचा. आपल्याकडं त्यावर 'दूध' छापता येत नाही, सोया ड्रिंक किंवा बेव्हरेज असं लिहिलेलं असतं. मी पहिल्यांदा आणलेल्या २०० मिलीच्या डब्यात १४ ग्रॅम साखर होती, जवळपास तीन चमचे. बिनसाखरेचं आणि वरून कॅल्शियम घातलेलं शोधा. ते कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून डबा नीट हलवून मगच ओता.

मी घरीच काढते. सोयाबीन लक्ष्मीपुरीतून खायचं आणायचं. हातकणंगले-शिरोळकडं पीक भरपूर, पै-पाहुणे पेरणीतून उरलेलं बियाणंही देतात, पण बियाण्याला औषध चोळलेलं असतं. गुलाबी-निळा रंग दिसला की ते घरात शिजवायचं नाही.

शंभर ग्रॅम दाणे रात्री भिजत घाला, आठ-दहा तास. सकाळी पाण्यात चोळले की सालं सुटून वर तरंगतात, ती ओतून टाका. वाटताना गार पाणी घालू नका. कडकडीत पाणी थोडं-थोडं घालत वाटलं तर तो उग्र, कच्चट वास धरत नाही. भांड्याचं झाकण मात्र घट्ट लावू नका, वाफेनं उडतं. एकूण पाणी ९०० मिली. धुतलेल्या पंच्यातून पिळून घ्या.

आता गॅसवर. इथंच बहुतेकजण चुकतात, मीही चुकले होते. गाईम्हशीचं दूध वर आलं की उकळलं, ही आपल्या हाताची सवय. सोयाचा फेस उकळी फुटायच्या आधीच भांड्याच्या काठापर्यंत चढतो. पहिल्या वेळी मी तेवढ्यावर गॅस बंद केला आणि दुपारपर्यंत घरातल्या दोघांच्या पोटात कळा आल्या. कच्च्या सोयात पचनाचं काम अडवणारा एक घटक असतो, तो नीट शिजल्याशिवाय मरत नाही. म्हणून भांडं निम्मंच भरा. फेस चढला की गॅस बारीक करा, पळी तळाला लावून ढवळत राहा, फेस बसू द्या. खालून खरे बुडबुडे फुटायला लागले की तिथून पुढं पंधरा-वीस मिनिटं मोजा. गार करून फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.

आल्याच्या चहात ते फुटतं असं सगळे सांगतात. चहा आधी उकळून गाळा, गॅसवरून उतरवल्यावर गरम केलेलं सोया दूध वरून घाला, म्हणजे फुटायचं प्रमाण बरंच कमी होतं. पंच्यात उरलेला चोथा टाकू नका. ज्वारीच्या पिठात कांदा, कोथिंबीर आणि आपली कांदा-लसूण चटणी घालून मी त्याची थालीपीठं लावते. बुधवारी खानावळीत तीच असतात.