बाजारातला, बँकेतला आणि जमिनीचा हिशोब कसा करायचा: आधी माप एक करा, मग भाव बघा

बेरीज-वजाबाकी सगळ्यांना येते, मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर पण आहे, तरी माणूस व्यवहारात फसतो. का, तर तो आकडा आकड्याशी ताडून बघतो आणि मागचं माप बघतच नाही. समोरचा किलोत बोलतो, आपण लिटरमध्ये ऐकतो, तो महिन्याचं व्याज सांगतो आणि आपण वर्षाचं समजून मान डोलावतो. शाळेत एकमान पद्धत शिकवली होती, बारा वह्या इतक्याला तर एक वही कितीला, तीच इथे कामाला येते. बाकी या लेखात सातवीच्या पुढचं गणित काही नाहीये, आणि खालचे भाव सगळे समजा म्हणून घेतलेत, तुमच्या गावचे टाका.

पायरी १: दोन्ही गोष्टी एकाच मापात आणा

तेलाचा डबा घ्या. एका दुकानात १५ किलोचा डबा २,४०० ला, शेजारच्या दुकानात १५ लिटरचा डबा २,२५०. दोन्ही डबे दिसायला जवळपास सारखेच आणि दोन्हीवर १५ मोठ्या अक्षरात, मग काय, दीडशे रुपये वाचले म्हणून आपण दुसरा उचलतो. पण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं (विश्वास नसेल तर घरातली एक लिटरची पिशवी बघा, बारीक अक्षरात वजन पण छापलेलं असतं). म्हणजे १५ लिटर झालं १५ × ०.९१ = १३.६५ किलो. आता एका किलोचा भाव काढा. पहिला डबा २,४०० ÷ १५ = १६० रुपये किलो. दुसरा २,२५० ÷ १३.६५, हे तोंडी करायचं तर १६० च्या भावाने १३.६५ किलोचे किती होतात ते बघा, २,१८४ होतात, वर ६६ रुपये उरले, ते तेराचौदा किलोवर वाटले की किलोमागे पावणेपाच. म्हणजे हा डबा पडला जवळपास १६५ रुपये किलो. स्वस्त दिसणारा डबाच महाग निघाला.

साबण, बिस्किटं, शाम्पू, सगळीकडे हेच. "२० टक्के जास्त" लिहिलेलं पाकीट असो की फॅमिली पॅक, किंमत भागिले ग्रॅम, गुणिले शंभर, शंभर ग्रॅमचा भाव आला की संपला विषय. आता बऱ्याच पाकिटांवर ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेलाच असतो, एमआरपीच्या आसपास शोधा, सापडेल.

सुट्टं घेताना मात्र जुनी पावकी-दिडकी लई भारी. ३८० रुपये किलोचं काही सव्वा किलो घ्यायचंय, तर ३८० चा पाव ९५, ३८० अधिक ९५ = ४७५. पाऊण किलो हवं तर ३८० वजा ९५ = २८५. आमच्याकडे जुनी माणसं पावकी, निमकी, सवायकी पाठ म्हणायची त्याचा उपयोग हा, काट्यावरून पिशवी उतरायच्या आत पैसे तयार.

पायरी २: टक्के कशाचे, ते आधी विचारा

टक्का काढायची सोपी रीत अशी की आधी दहा टक्के काढायचे, शेवटचं एक शून्य उडवायचं. ५ टक्के म्हणजे त्याचं निम्मं. १८ टक्के हवेत तर २० टक्के काढून त्यातून २ टक्के वजा. १,४६० चे १० टक्के १४६, ५ टक्के ७३. एवढं जमलं की हॉटेलचं बिल तोंडी तपासता येतं.

गडबड होते ती टक्के कुठल्या रकमेवर आहेत हे न बघितल्यामुळे. सेलमध्ये "५० + २० टक्के सूट" लिहितात, आपण ७० धरतो. १,००० चा शर्ट ५० टक्क्याने ५०० झाला, पुढचे २० टक्के त्या ५०० वर, म्हणजे १००, शर्ट पडला ४०० ला. सूट झाली ६० टक्के.

जीएसटीचं तर उलटंच. बिल ५,९०० चं, त्यात १८ टक्के जीएसटी धरलाय, तर कर किती? सगळे ५,९०० चे १८ टक्के काढतात, १,०६२ येतात, आणि चुकतात. कर लागलाय तो मूळ किमतीवर, १०० ची वस्तू ११८ ला झाली, म्हणून ५,९०० ÷ १.१८ = ५,००० मूळ किंमत आणि ९०० कर. कोणी "टॅक्स माफ" म्हणून ऑफर देत असेल तर त्याने बिलातून किती उडवले ते असं तपासा. अठरा टक्के कर माफ म्हणजे बिलावर सव्वापंधरा टक्केच सूट असते.

पायरी ३: व्याज, इथे जरा थांबा

गावाकडे हातउसने पैसे "शेकडा दोन" ने मिळतात. ऐकायला दोन म्हणजे काहीच नाही वाटतं. पण ते महिन्याचे. शंभराला महिन्याला दोन, वर्षाला चोवीस. ५०,००० घेतले तर दर महिन्याला १,००० नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. शेकडा तीन म्हणजे छत्तीस टक्के, वर्षात लाखाला छत्तीस हजार. म्हणून कोणी कुठलाही दर सांगितला की पहिला प्रश्न, महिन्याचा का वर्षाचा? महिन्याचा असेल तर बारानं गुणा.

दुसरा प्रकार जास्त गोड आणि जास्त वाईट, तो म्हणजे फ्लॅट रेट, मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या पूर्ण रकमेवरच. गाडी, फर्निचर, मोबाईल घेताना सांगतात "फक्त १० टक्के फ्लॅट". समजा १,२०,००० चं कर्ज, एक वर्ष, बारा हप्ते. १० टक्क्याने व्याज १२,०००, एकूण १,३२,०००, हप्ता ११,०००. हिशोब बरोबर दिसतो ना? आता बघा, त्या हप्त्यातले १०,००० तुम्ही दर महिन्याला मुद्दलापोटी परत करताय. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे १,२०,००० आहेत, दुसऱ्यात १,१०,०००, असं करत शेवटच्या महिन्यात फक्त १०,०००. सरासरी काढा, पहिला आणि शेवटचा मिळवून निम्मे, १,३०,००० ÷ २ = ६५,०००. म्हणजे वर्षभर तुम्ही सरासरी वापरले पासष्ट हजार आणि व्याज भरलं बारा हजार, १२,००० ÷ ६५,००० केलं तर साडेअठरा टक्क्यांच्या आसपास येतं. बँकेच्या काटेकोर पद्धतीने १८ च्या जरासं खाली निघतं, पण दुकानात उभ्या उभ्या एवढा अंदाज पुरे. हेच कर्ज खरोखर १० टक्क्याने, घटत्या शिलकीवर (म्हणजे जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच व्याज) घेतलं असतं तर हप्ता साधारण १०,५५० बसला असता आणि वर्षाचं व्याज ६,६०० च्या आसपास.

लक्षात ठेवायला सोपं म्हणजे फ्लॅट रेट दिसला की त्याला पावणेदोन-दोनने गुणायचं आणि मग दुसऱ्या बँकेच्या दराशी ताडायचं. वर प्रोसेसिंग फी घेत असतील तर ती पण व्याजातच मिळवा, तुमच्या खिशातून जातंय ते सगळं व्याजच.

पैसे ठेवायचे असतील तर ७२ ला दराने भागा, तेवढ्या वर्षात रक्कम साधारण दुप्पट. ८ टक्के असेल तर ९ वर्षं, ६ टक्के असेल तर १२. कोणी तीन वर्षात दुप्पट म्हणतोय तर तो २४ टक्क्यांच्या वरच देतोय, कुठून देणार ते त्यालाच विचारा.

पायरी ४: फूट, इंच, गुंठा, आर

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं आणि सौदा बोलला जातो एकर-गुंठ्यात, आणि मधे एजंट सांगतो "ऐंशी आर म्हणजे दोन एकर, एक आर एक गुंठा धरा". ढोबळमानाने बरोबर आहे, पण पैसे ढोबळमानाने देऊ नका. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, मीटरमध्ये १०१.१७ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एकर. ८० आर झाले ८,००० चौरस मीटर, ÷ १०१.१७ = ७९.०७ गुंठे. दोन एकराला ८० गुंठे लागतात. जवळजवळ एक गुंठा, हजार चौरस फुटाच्या आसपास जागा कमी. रस्त्याकडेच्या जागेला गुंठ्याला ५ लाखाचा भाव चालू असेल तर साडेचार लाखाच्या वर रक्कम त्या "धरा" मध्ये गेली.

बांधकामात दुसरीच चूक होते. १ फूट ८ इंच म्हणजे १.८ फूट नाही. इंच बारावर भागायचे, ८ ÷ १२ = ०.६७, म्हणजे १.६७ फूट. वाळूची ट्रॉली आली, आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद, वाळू १ फूट ८ इंच उंचीपर्यंत. १० × ५ × १.६७ = साधारण ८३ घनफूट. १.८ धरलं तर ९० होतात, सात घनफुटाचे पैसे फुकट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे ही ट्रॉली ब्रासला १७ घनफूट कमी, तिला एक ब्रास म्हणून सही करू नका. मापताना वाळूत टेप दोन-तीन ठिकाणी खुपसा, मधे ढीग असतो आणि कडेला खळगा.

फरशीचं पण असंच, २ बाय २ म्हणून विकतात ती टाईल बहुतेक वेळा ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे दोन फुटाला थोडी कमी. चारच्या बॉक्समध्ये १६ नाही तर साडेपंधरा चौरस फूट. छोट्या खोलीला फरक पडत नाही, पण ४०० चौरस फुटाच्या हॉलला तोडफोडीचे १० टक्के धरून ४४० लागतात, १६ ने भागलं तर २८ बॉक्स, १५.५ ने भागलं तर २९. भागाकारात पॉइंट आला की वरचा आकडा घ्यायचा, आणि तो एक बॉक्स आधीच घ्या, नंतर आणायला गेलं की त्याच बॅचची शेड मिळेलच असं नाही.

पाण्याच्या टाकीला १ घनफूट = २८.३ लिटर. ६ × ५ × ४ फूट टाकी म्हणजे १२० घनफूट, साधारण ३,४०० लिटर.

पायरी ५: कॅल्क्युलेटरच्या आधी अंदाज

बटणं दाबायच्या आधी गोल आकड्यात उत्तर बोलून बघा. ४८७ चे ३९ नग, म्हणजे ५०० चे ४०, वीस हजाराच्या आत काहीतरी. बिलात १,८९,९३० दिसले तर एक शून्य जास्त पडलंय हे लगेच कळतं, खरं उत्तर १८,९९३. आणि टक्क्याचं बटण शक्यतो वापरूच नका, ५०० + १८ % दाबल्यावर एका ठिकाणी ५९० येतात, एक्सेलमध्ये ५००.१८. सरळ ५०० × १.१८ करा, १० टक्के सूट असेल तर × ०.९, कुठल्याही फोनवर उत्तर तेच येतं.