स्टिफाडो करताना या चुका टाळा

स्टिफाडो म्हणजे मांस आणि कांदे वाइन-टोमॅटोच्या रश्श्यात सावकाश शिजवलेला ग्रीक पदार्थ. त्याचं प्रमाण सोपं आहे: १ किलो मांसाला १ किलो बारके कांदे, तेही अख्खे. बहुतेकांचं बिनसतं ते या कांद्यापाशीच.

ठरलेला प्रकार असा. पाहुणे आठला येणार आणि कांदे सोलायला साडेसहाला घेतलेले. वीसेक सोलले की धीर सुटतो, मग मोठे कांदे चिरून थेट मांसाबरोबर टाकले जातात. ताटात वाढेपर्यंत कांदा पार विरघळलेला आणि रस्सा गोडमिट्ट. त्याला दालचिनीच्या वासाचं मटण म्हणा हवं तर, स्टिफाडो म्हणू नका. सोलायला वेळ नसेल, तर त्या दिवशी दुसरं काहीतरी करा.

कांदे ३ ते ४ सेंटिमीटरचे घ्या. सांबारचे चालतात, अलिबागच्या माळेतले बारके पांढरे मिळाले तर फारच छान. उकळत्या पाण्यात २ मिनिटं ठेवून गार पाण्यात काढा, शेंडा कापा, साल चिमटीत निघून येते. बुडखा मात्र कापायचा नाही, नुसती मुळं खरवडायची. सगळे पापुद्रे तिथेच धरलेले असतात. बुडखा उडवला की कांदा रश्श्यात उलगडलाच. वेगळ्या पॅनमध्ये ऑलिव्ह तेलावर तपकिरी डाग पडेपर्यंत परता आणि मांस निम्मं शिजल्यावर घाला. टोमॅटो-व्हिनेगरच्या आंबटपणात कांदा सावकाश मऊ होतो, त्यामुळे पाऊण ते एक तास धरून चाला. एकदा कांदे पडले की डाव फिरवायचा नाही. पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवायचं.

मांसाचे तुकडे ५ सेंटिमीटरचे ठेवा. ग्रीसमध्ये बीफचा नळीचा किंवा खांद्याचा भाग घेतात, तो दोन-अडीच तास शिजतो. बोकडाचा हाडासकट खांदा दीड तासात होतो. बिनचरबीचं मांस कोरडं पडतं.

एकदम सगळे तुकडे पातेल्यात कोंबले की पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. तीन-चार घाण्यांत भाजा.

२०० मिली रेड वाइन आणि ३ मोठे चमचे रेड वाइन व्हिनेगर मांस भाजल्याबरोबर घाला, झाकण न ठेवता निम्मं आटवा. मग ४०० ग्रॅम किसलेला टोमॅटो. व्हिनेगर शेवटी ओतलं तर कच्चं लागतं.

मसाल्यात दोन घोटाळे होतात. ग्रीक लोक लॉरेलचं पान (बे लीफ) घालतात. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, तीन ठळक शिरांचं. ते वापरणार असाल तर दालचिनीची काडी अर्धीच घाला. आणि ऑलस्पाइस (मिरीसारखे दाणे, मसाल्यांचं मिश्रण नव्हे) मागितल्यावर दुकानदार पुष्कळदा कबाबचिनी देतो. दाण्यांना शेपटी असेल तर परत करा. ऑलस्पाइसचे ५ दाणे, ३ लवंगा, बस्स. सगळं अख्खं, पूड नको, गरम मसाला तर अजिबात नको.

कुकर मांसापुरता वापरला तर माझी हरकत नाही. कांदे त्यात घालू नका, फुटतात.

रस्सा पातळ राहिला तर शेवटची २० मिनिटं झाकण उघडं ठेवा. कॉर्नफ्लोअर लावू नका.

सशाचा स्टिफाडो असेल तर मांस आदल्या रात्री वाइन-व्हिनेगरमध्ये मुरवा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाच्या दिवसांत ऑक्टोपसचा करतात. त्यात मुळातच खारटपणा असतो, म्हणून मीठ अगदी शेवटी, चाखून.