उबदार हिवाळ्यात मधपेटी उपाशी पडते

पौष लागला तरी पहाटे कडाका जाणवत नसेल आणि आभाळ ढगाळ राहत असेल, तर कोल्हापूर जिल्ह्यातील मधपाळांनी पेटीतील मधाचा साठा आजच पाहावा. बाहेरचे तापमान 14 अंशांच्या आसपास उतरले की माश्या एकमेकींना बिलगून बसतात, राणीचे अंडी घालणे मंदावते आणि साठा पुरतो. थंडी पडलीच नाही, तर पिलावा (पोळ्यातली अंडी, अळ्या आणि कोष) चालू राहतो, त्याभोवती 34-35 अंशांची ऊब राखण्यात आणि रोजच्या उडण्यात मध संपतो, आणि शिरोळ-हातकणंगल्याच्या ऊसपट्ट्यात या दिवसांत मकरंद फारसा मिळत नाही. दारावरची वर्दळ पाहून पेटी जोरात आहे असे समजणाऱ्यांच्या वसाहती जानेवारीअखेर रिकाम्या झालेल्या मी वारंवार पाहिल्या आहेत. सातेरी ही देशी मधमाशी तर उपासमार झाली की पोळी सोडून निघूनच जाते.

पेटी मागच्या बाजूने किंचित उचलून पाहावी. हलकी लागल्यास दुपारच्या उन्हात चौकटी काढाव्यात. पिलाव्याच्या वर मेणाने बंद केलेल्या मधाचा चार बोटे रुंद पट्टा नसेल, तर त्याच संध्याकाळी खाद्य द्यावे. हा चार बोटांचा हिशेब पुस्तकातला नाही, अनुभवाचा आहे.

टंचाईच्या काळात दर पेटीस आठवड्याला 200 ग्रॅम साखर तेवढ्याच पाण्यात विरघळवून देण्याची शिफारस आहे. पिलावा चालू असल्यास ही मात्रा अपुरी पडते असे माझे मत असून, मी ती आठवड्यातून दोनदा द्यायला सांगतो. पाक पेटीच्या आतच ठेवावा. बाहेर सांडल्यास लूटमार सुरू होते, म्हणजे इतर पेट्यांतील माश्या येऊन साठा पळवतात. घरचा म्हणून गूळ किंवा काकवी देऊ नये, कारण माश्यांना हगवण लागते आणि दाराशी तपकिरी डाग दिसू लागतात. दुकानदार गळ्यात मारतात त्या महागड्या टॉनिकांची गरज नाही, आणि प्रतिजैविके तर मधात उतरतात.

गुऱ्हाळाजवळ पेट्या ठेवू नयेत. फुले नसली की माश्या गोडाच्या वासाने तिकडे धावतात आणि काहिलीत पडून मरतात.

इतर कामे:
- रिकामी पोळी काढणे. उबदार हवेत पोळी पोखरणारा मेणकिडा थांबत नाही.
- तळफळी साफ करणे.
- स्टँडच्या पायाखालील वाट्यांत पाणी ठेवणे.
- दार लहान करणे.

मेलिफेरा ही युरोपीय मधमाशी पाळणाऱ्यांनी पिलाव्यावर जगणाऱ्या बारीक कोळी किडीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पिलाव्यात खंड न पडल्याने तीही वाढतच राहते. चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर दर चौकटीस 200 मिलिग्रॅम गंधकाची भुकटी 7 ते 10 दिवसांच्या अंतराने धुरळावी.

आजरा-चंदगडकडे काजूचा मोहोर सुरू झाला असेल, तर पेट्या तिकडे हलवाव्यात; मात्र बागायतदाराकडून फवारणीची तारीख आधी विचारून घ्यावी. फवारणी टळत नसेल, तर ती सूर्यास्तानंतर करण्याची विनंती करावी.