लिस्बन ते अथेन्स : अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

प्रथम अंतर. ही दोन्ही शहरे ३८ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, त्यामुळे सपाट नकाशावर त्यांना जोडणारी रेषा इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या दक्षिणेकडून समुद्रावरून जाते. पृथ्वी गोल असल्याने प्रत्यक्षातला सर्वांत जवळचा मार्ग मात्र मध्यावर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास उत्तरेकडे सरकतो आणि सार्डिनियाच्या दक्षिण भागावरून जातो. या मार्गाने पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन सुमारे २५.६५ अंश भरतो. त्याला दर अंशी १११.२ किलोमीटरने गुणले की २८५० किलोमीटर, म्हणजेच सुमारे १५४० नॉटिकल मैल (विमान आणि जहाज वाहतुकीत वापरले जाणारे अंतराचे एकक), हे उत्तर मिळते. रस्त्याचे अंतर यापेक्षा कितीतरी जास्त असल्याने उड्डाणाच्या हिशेबात ते धरू नये.

आता वेळ. या मार्गावरची मध्यम आकाराची जेट विमाने उंचीवर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतात, म्हणून भागाकार साडेतीन तासांच्या थोडा आत येतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि खाली उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवला की साधारण चार तास होतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वरच्या हवेतला जोरदार प्रवाह अथेन्सला जाताना बहुधा मदत करतो आणि परतीला अडवतो, म्हणून परतीसाठी वीस-पंचवीस मिनिटे जास्त धरावीत.

तिकीट वाचताना मात्र खरी काळजी घ्यावी, कारण त्यावर प्रत्येक वेळ त्या-त्या शहराची स्थानिक असते आणि अथेन्सचे घड्याळ लिस्बनच्या दोन तास पुढे चालते. समजा, विमान लिस्बनहून १३:०० वाजता सुटून अथेन्सला १८:५० वाजता पोहोचते. थेट वजाबाकी केल्यास ५ तास ५० मिनिटे दिसतात. पण सुटण्याची वेळ आधी अथेन्सच्या घड्याळात, म्हणजे १५:०० अशी लिहिली, की खरा प्रवास ३ तास ५० मिनिटांचा ठरतो. परतीला उलट घडते : अथेन्सहून १९:४० ला निघून लिस्बनला २२:०० वाजता उतरणारे विमान कागदावर २ तास २० मिनिटांचे भासते, प्रत्यक्षात ते ४ तास २० मिनिटे घेते. दोन्ही देश मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी घड्याळ बदलतात, त्यामुळे हा दोन तासांचा फरक वर्षभर कायम राहतो.

पोर्तुगाल आणि ग्रीस दोन्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्याने या उड्डाणात सहसा पासपोर्ट तपासणीची रांग लागत नाही. तरी भारतीय प्रवाशाने पासपोर्ट जवळ ठेवलाच पाहिजे. लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे. अथेन्सचा मात्र स्पाता भागात, शहराच्या पूर्वेला बराच दूर आहे आणि तिथून मेट्रोने शहराच्या मध्यभागी असलेल्या सिंताग्मा चौकापर्यंत सुमारे चाळीस मिनिटे लागतात, म्हणून संध्याकाळच्या भेटीची वेळ ठरवताना विमान उतरण्याच्या वेळेत निदान दीड तास मिळवावा.