कोरड्या बागेतला साल्विया: आधी त्याच्या गावचा पाऊस बघा

रोपवाटिकेत साल्विया मागितला की बहुतेक वेळा हातात येतो तो लालभडक साल्विया स्प्लेंडेन्स. हिवाळ्यात चौकातल्या वाफ्यांत दिसतो तोच. तो मूळचा ब्राझीलचा. त्याला ओल हवी, दुपारची थोडी सावली हवी. मार्च-एप्रिलच्या उन्हात तो माना टाकतो आणि "आपल्याकडे साल्विया टिकत नाही" असं ठरून जातं. खरं तर या प्रजातीत हजाराच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी उघड्या, दगडाळ माळावर वाढणाऱ्या. कूळ तुळशीचंच. खोड बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागेल.

कोरड्या हवेतल्या जाती निवडतानाही एक गफलत हमखास होते. "कमी पाण्यावर येणारी" एवढंच वाचून कॅलिफोर्नियाची पांढरी सेज, म्हणजे साल्विया एपियाना, किंवा भूमध्य सागराकाठची चंदेरी, लोकरी पानांची अर्जेंटिया मागवली जाते. या जाती दुष्काळ सोसतात यात शंका नाही, पण त्यांच्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. आपल्याकडे जुलैत जमीन गरम आणि ओली, दोन्ही एकदम असते. तो प्रकार त्यांच्या मुळांना माहीतच नाही. मे महिना सुखरूप काढलेलं रोप आषाढात कुजतं ते यामुळे. मेक्सिकोच्या पठाराचं वेळापत्रक मात्र आपल्याशी जुळतं: पाऊस जून ते सप्टेंबर, हिवाळा कोरडा, उन्हाळ्याचा शेवट कडक. म्हणून अहिल्यानगर, सोलापूर, मराठवाडा, पुण्याचा पूर्व भाग अशा कमी पावसाच्या पट्ट्यात मेक्सिको आणि टेक्सासकडच्या जाती लावाव्यात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी हाच हिशेब उलटा करावा. तिथे एपियाना आणि क्लीव्हलँडाय या साल्वियाच्या जाती घरच्याच. त्यांना उन्हाळ्यात मायेने पाणी घातलं की त्या मरतात.

सुरुवात फॅरिनेशियापासून करावी. रोपवाटिकेत निळा साल्विया म्हणून मिळतो तो हा. उंची दीड-दोन फूट, तुऱ्यांवर पिठूळ लव. तो बियांपासून सहज येतो. दुसरा कॉक्सिनिया: लाल, गुलाबी किंवा पांढरा, आणि एकदा लावला की बी सांडून आपला आपण उगवत राहतो. नको त्या जागी उगवलेली रोपं उपटायची तयारी हवी. खरी मजा झुडपी जातींत आहे. ग्रेगी दोन ते तीन फुटांचं, बारीक पानांचं, काटक झुडूप. त्याची जवळची मायक्रोफिला. तिच्या 'हॉट लिप्स' या वाणाला हवामानाप्रमाणे पूर्ण लाल, पूर्ण पांढरी आणि पांढऱ्यावर लाल ओठ अशी तिन्ही तऱ्हेची फुलं येतात, कधी कधी एकाच वेळी. या दोघांचा संकर जामेन्सिस. त्याचं नाव मेक्सिकोतल्या कोआविला राज्यातल्या हामे या खेड्यावरून पडलं, आणि त्यात पिवळसर, जर्दाळू रंगही मिळतात. मागच्या रांगेला ल्युकँथा लावावा. तो चार फुटांपर्यंत जातो, जांभळ्या मखमली तुऱ्यांतून पांढरी फुलं डोकावतात. फूल गळलं तरी मखमल कितीतरी दिवस टिकते. ज्यांना विचित्रच काही हवं त्यांनी पेरूचा डिसकलर शोधावा: चिकट पांढरी खोडं आणि जवळजवळ काळी फुलं. पण तो कुंडीतच ठेवावा आणि दुपारच्या उन्हातून हलवावा.

वाफा

ऊन किमान सहा तास हवं. आता जमीन. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात मुरूम-खताचं छान मिश्रण भरलं की आपण झाड लावलेलं नसतं, छोटी विहीर बांधलेली असते. आजूबाजूच्या चिकण मातीतून पाणी उतरत नाही, ते सगळं त्या खड्ड्यात येऊन बसतं. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळूनही फरक पडत नाही. जमिनीची परीक्षा सोपी आहे: फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, लगेच पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांनंतरही दिसत असेल तर खड्ड्याचा नाद सोडून जमिनीवर वाफा उचला.

4 बाय 8 फुटांच्या, फूटभर उंच वाफ्याला 32 घनफूट, म्हणजे ब्रासचा साधारण तिसरा हिस्सा माल लागतो. प्रमाण असं: तीन भाग मुरूम, दोन भाग पोयटा किंवा तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. मुरूम चाळून घ्या. मुरमाची भुकटी पाणी पडलं की सिमेंटसारखी बसते. आपल्याला हरभऱ्याएवढे खडे हवेत. भरताना कडेपेक्षा दोन-तीन इंच चढ ठेवा, पहिल्या पावसात तेवढा माल खाली बसतो. विटांनी कडा बांधत असाल तर खालच्या थरात दर दोन फुटांवर पाणी जायला फट सोडा. ही फट विसरली की केलेली सगळी मेहनत वाया.

कुंडीतही हेच मिश्रण चालतं. ग्रेगीला 12 ते 14 इंची मातीची कुंडी, ल्युकँथाला 18 इंची. तळाला विटांच्या तुकड्यांचा थर देण्याची सवय आहे, तिचा उपयोग नाही. भोकावर एक खापरी पुरे.

लावणी

सगळ्यात चांगली वेळ परतीचा पाऊस ओसरल्यावर, म्हणजे ऑक्टोबर. थंडीचे तीन-चार महिने मुळं पसरायला मिळतात आणि उन्हाळ्याला रोप तयार असतं. फेब्रुवारीनंतर लावलेल्या रोपाचं पहिल्या उन्हाळ्यात सतत पाहावं लागतं. अंतर फॅरिनेशियाला एक फूट, ग्रेगी-मायक्रोफिलाला दोन, ल्युकँथाला साडेतीन ते चार. लावल्यावर वाफा उघडाबोडका वाटतो आणि मध्ये आणखी रोपं कोंबायचा मोह होतो. आवरा. पावसाळ्यात झाडांमधून वारा खेळला नाही तर आतली पानं काळी पडून गळतात. पिशवीतल्या मातीचा गोळा वाफ्याच्या पातळीपेक्षा बोटभर वर राहील असं लावा, आणि खोडाला माती चढवू नका.

वर दीड-दोन इंच बारीक खडीचं आच्छादन घाला. पालापाचोळा, उसाचं पाचट उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात ते खोडाशी ओल धरून ठेवतं. खडी पाण्याचे शिंतोडेही अडवते.

बी पेरणार असाल तर एक गोष्ट आधी कळलेली बरी. चिया हाही साल्वियाच आहे, आणि तो पाण्यात टाकल्यावर जसा सब्जासारखा बुळबुळीत होतो, तशीच साल्वियाच्या इतर बऱ्याच जातींची बीही होते. म्हणून बी भिजवून पेरायला गेलात तर त्याचा गोळा बोटालाच चिकटतो. ओल्या मिश्रणावर कोरडं बी टाका, नुसतं दाबा, वर जेमतेम बी झाकेल इतकीच माती भुरभुरा आणि ट्रे खालून पाणी पिऊ द्या. फॅरिनेशियाला उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात. चार-सहा पानांवर पिशवीत हलवा, नंतर शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील.

पाणी

पहिले तीन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी. मग हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, एप्रिल-मेमध्ये दोनदा, ग्रेगीच्या झुडपाला दर वेळी दोन-तीन लिटर. ताशी 2 लिटरचा ड्रिपर असेल तर तास-दीड तास पुरतो. तो खोडापासून वीतभर लांब ठेवा. कुंड्यांना मेमध्ये एक दिवसाआड, कडक झळा असतील तर रोज.

दुपारी दोन वाजता पानं लोंबली म्हणून पाइप घेऊन धावू नका. सूर्य उतरल्यावर ती आपोआप सावरतात. सकाळी सातला लोंबलेली दिसली तर मात्र मातीत दोन इंच बोट घालून बघा. कोरडी असेल तर तहान. ओली असेल आणि तरी रोप मलूल असेल तर मुळं कुजली आहेत आणि आणखी पाणी म्हणजे शेवटचा घाव. एखादं मूळ चिमटीत धरून ओढा: कुजलेल्या मुळाची साल पायमोज्यासारखी निघते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. असं रोप वाचवण्यात वेळ घालवू नका. वरचे हिरवे शेंडे कापून लावा, बाकीचं उपटून टाका.

मेमध्ये ग्रेगीची फुलं थांबतात. ते आजारपण नाही, पाऊस पडून हवा निवली की ती परत येतात. ल्युकँथाचं गणित वेगळं आहे, तो दिवस लहान झाल्यावरच कळ्या धरतो. डोक्यावर रात्रभर दिवा जळत असेल तर फुलं लांबतात, म्हणून त्याला अंगणातल्या दिव्यापासून दूर लावा.

खत, छाटणी, कीड

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा. ऑक्टोबरमध्ये झाडामागे दोन मुठी कंपोस्ट, छाटणीनंतर आणखी एक. युरिया नको, दर पंधरवड्याला शेणस्लरीही नको. नत्र जास्त झालं की फांद्या लांब, रसाळ आणि ठिसूळ होतात, झाड मधोमध फाकतं, मावा येतो आणि फुलं मात्र कमी.

ल्युकँथाचा बहर जानेवारी-फेब्रुवारीत संपतो. तेव्हा बुडाशी नवे कोंब दिसले का बघा, आणि ते दिसल्यावरच जुन्या काठ्या चार-सहा इंचांवर कापा. ग्रेगी-मायक्रोफिला फेब्रुवारीअखेर एक तृतीयांश छाटा. पण निष्पर्ण तपकिरी लाकडात कात्री घालू नका, खाली थोडी हिरवी पानं राहिलीच पाहिजेत. मेच्या अखेरीस पुन्हा एक हात फिरवा: आतल्या बारीक, एकमेकींत अडकलेल्या फांद्या काढा. पावसाळ्याची ही खरी तयारी. फॅरिनेशियाचे सुकलेले तुरे कापत राहिलं की तो फुलत राहतो, पण दुसऱ्या वर्षानंतर त्यात जीव राहत नाही, नवी रोपं करा.

उन्हाळ्यात पानांवर सुईच्या टोकासारखे फिके ठिपके आणि मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. सकाळी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, दर तीन दिवसांनी, तीन वेळा. पांढरी माशी आणि पिठ्या ढेकणासाठी लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा द्रव साबण, आणि फवारणी संध्याकाळीच. उन्हात मारली तर लवदार पानं भाजतात. हिवाळ्यातली भुरी बहुधा दाटीमुळे येते, तिच्यावर औषधाआधी कात्री चालवा.

शेवटी काड्या. 'हॉट लिप्स'सारखे नावाचे वाण बियांपासून तसेच येत नाहीत, म्हणून काडीच लावावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फूल न आलेला, तीन-चार इंचांचा कोवळा पण लवचीक शेंडा घ्या, पेराच्या अगदी खाली धारदार ब्लेडने कापा, खालची पानं काढा आणि अर्धी जाड वाळू, अर्धं कोकोपीट यात दोन पेरं बुडतील इतकी खोचा. उजेडात ठेवा, उन्हात नको. वर प्लॅस्टिकची पिशवी घातली असेल तर दिवसातून एकदा उघडून वारा द्या. तीन-चार आठवड्यांनी काडी हलकेच ओढल्यावर अडली, तर मुळं धरली. प्रत्येक जातीच्या पाच-सहा काड्या कराव्यात, त्यातली दोन-तीन रोपं पुढच्या पावसाळ्यात पत्र्याखाली किंवा बाल्कनीत कोरडी ठेवावीत. जुलैत सलग आठवडाभर झड लागली की वाफ्यातली जागा भरायला हीच उपयोगी पडतात.